फळ्यावरचं निरंक

माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगतोय, कारण आता सांगायला ऑफिसातलं दुसरं कुणी भेटत नाही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. कुणाला काही सुबक लिहून हवं असलं की "भाऊसाहेबांकडे जा" हे ठरलेलं. निरोपाचं मानपत्र असो, दारावरची पाटी असो, नाहीतर साहेबांच्या मुलीच्या लग्नाच्या पाकिटांवरचे पत्ते असोत, सगळं माझ्या हातचं. आपण काय लिहितोय याकडे मात्र माझं फारसं लक्ष नसायचं. त्यापायी मी काय करून बसलो ते सांगायचं म्हणजे आधी पिवळ्या काकूंबद्दल सांगायला हवं.

पिवळ्या काकू आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक ओटा, एक खिडकी आणि दाराचं न लागणारं कुलूप. माझ्यापेक्षा त्या सतरा-अठरा वर्षांनी लहान, पण साऱ्या गावाच्या काकू, म्हणून माझ्याही काकू. सकाळी सहाला नळाला पाणी आलं की लाकडी पेटी खांद्याला अडकवून त्या निघायच्या. नऊ नळ ठरलेले होते. पहिला टाकीच्या पायथ्याशी आणि नववा खालच्या गल्लीच्या टोकाला, आमच्या घराच्या कोपऱ्यावर. प्रत्येक नळाखाली काचेची नळी तीनदा विसळायची, चौथ्यांदा भरायची, तिच्यात औषधाचे थेंब टाकायचे, पांढऱ्या कागदासमोर धरायची आणि थांबायचं. पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन असलं तर पाणी पिवळं होतं. नसलं तर जसंच्या तसं राहतं, अगदी स्वच्छ, नितळ. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय पाणी आहे!

पोरं भोवती जमायची. "काकू, पिवळं?" एखादा विचारायचा. काकू नळी डोळ्यासमोर धरून, उगाच भुवया वर-खाली करून, पोरांचा जीव टांगणीला लावायच्या आणि म्हणायच्या, "पिवळं. प्या." म्हणून त्या पिवळ्या काकू. निदान मला तरी नावामागचं कारण एवढंच ठाऊक होतं.

ऑफिसच्या फाटकावरचा फळा हा त्यांचाच हट्ट. आधी हे आकडे रजिस्टरात जायचे आणि रजिस्टर कपाटात. काकूंनी नोकरीला लागल्यापासून साहेबांच्या मागे टुमणं लावलं होतं की पाणी लोक पितात, तर आकडेही लोकांना दिसू द्या. साहेब म्हणायचे, "लोकांना काय कळतंय त्यातलं?" काकू म्हणायच्या, "दाखवल्याशिवाय कसं कळणार?" चार वर्षं हे चाललं. शेवटी कँटीन बंद पडलं, तिथला फळा अडगळीत आला आणि साहेबांनी कटकट मिटावी म्हणून तो फाटकावर लावू दिला. पहिले आठ दिवस लोक येऊन चहा कितीला म्हणून विचारायचे.

फळ्यावर लिहिणं माझ्याकडे आलं, अर्थात अक्षरामुळे. चार रकाने होते. नळ क्रमांक, गढूळपणा, क्लोरीन, जंतू. जंतूंचा निकाल आदल्या दिवशीच्या बाटलीचा असायचा. काकू छोट्या बाटलीत पाणी भरून खिडकीत ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी ती काळी पडली तर पाण्यात घाण, नाही पडली तर ठीक. नाही पडली की मी त्या रकान्यात लिहायचो, "निरंक".

आता निरंक हा आमच्या ऑफिसचा लाडका शब्द. निरंक म्हणजे काही नाही. तक्रारी किती? निरंक. शिल्लक कामं? निरंक. साध्या शून्याला साहेबांची सक्त मनाई होती. शून्याच्या आगेमागे कुणीही आकडा घुसडू शकतो म्हणायचे. म्हणून कागदावर शून्य आलं की माझ्या हातून आपोआप निरंक उमटायचं, न ला छानशी वळणदार शेपूट काढून. फळा लागून सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षं रोज नऊ नळांपुढे जंतू निरंक, निरंक, निरंक. लोक फळ्यासमोरून जाताना तेवढा एक शब्द बघून घ्यायचे आणि पुढे निघायचे.

त्या मंगळवारी काकू साडेआठलाच आल्या. एरवी नऊच्या आत कधी यायच्या नाहीत. पेटी टेबलावर आदळली, चिठ्ठी माझ्यापुढे टाकली.

"भाऊसाहेब, नऊ नंबरला शून्य. तीनदा केलं, तिन्ही वेळा शून्य. आधी फळ्यावर घाला. मी फिटरला घेऊन लाइन बघते, कुठंतरी फुटलीय."

"साहेबांची सही?"

"साहेब हेडऑफिसला गेलेत. तुम्ही घाला हो!" असं म्हणत त्या गेल्यासुद्धा. रोज मी लिहीत असताना त्या मागे उभ्या राहायच्या. त्या दिवशी राहिल्या नाहीत.

मी कामात कुचराई करणारा माणूस नाही. खडू घेतला, खुर्ची बाहेर नेली, वर चढलो आणि पाच मिनिटांत फळा भरला. नऊ नंबरपुढे क्लोरीनच्या रकान्यात लिहिलं, निरंक. जंतूंच्या रकान्यात आदल्या दिवशीचं निरंक होतंच. दोन निरंक शेजारी शेजारी, एका ओळीत, एका मापाचे. खाली उतरून मी दोन पावलं मागे जाऊन बघितलंही. मनात म्हटलं, आज झकास जमलंय.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना काकू परत आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल. मी फाटकाशीच होतो. फळ्यासमोर खालच्या गल्लीतल्या दोन बायका उभ्या होत्या आणि एक दुसरीला सांगत होती, "बघ ना, आज औषधसुद्धा नाही. दोन्हीकडे निरंक. असं पाणी रोज द्यायला काय जातं यांना?"

काकूंनी फळा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे काय लिहिलंत?"

"तुम्ही शून्य दिलंत. मी निरंक लिहिलं."

"भाऊसाहेब, क्लोरीन निरंक म्हणजे पाणी उघडं पडलंय. त्यात काहीही शिरलं तरी मारणारं कुणी नाही. आणि लोकांना तुम्ही सहा वर्षं शिकवलंय की निरंक म्हणजे उत्तम!" काकू त्या बायकांकडे वळल्या. "सकाळी भरलेलं पाणी प्यायलात?"

"प्यायलो की."

"आता उकळल्याशिवाय एक घोट पिऊ नका. गटाराच्या कडेला लाइनचा सांधा सुटलाय. शेजारच्यांनाही सांगा, पळा."

बायका पळाल्या आणि माझ्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. नऊ नंबर. आमचा कोपरा. घरात सूनबाई आणि आठ महिन्यांची ठकी. मुलगा कामासाठी दुसऱ्या गावी, बायको माझी केव्हाच गेलेली. ठकीला आईचं दूध पुरेना म्हणून महिनाभरापासून पावडरचं दूध सुरू होतं. आणि सूनबाई रोज बाजारातून येताना फळा वाचायची. सासऱ्याचं अक्षर म्हणून तिला त्याचं कौतुक.

मी आत धावलो, घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बाळ झोपलं की ती फोनचा आवाज बंद करते हे मला माहीत होतं, तरी तिसऱ्यांदा लावला. शेजारच्या फोनवर काकू साहेबांशी बोलत होत्या. साहेबांचा आवाज मला इकडे ऐकू येत होता.

"बाटलीचा निकाल उद्या येतो ना? येऊ दे. मग बघू. उगाच घबराट नको."

"साहेब, बाटली उद्या काळी होईल. गल्ली आज जेवायला बसतेय."

"माझ्या सहीशिवाय फळ्याला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. बाहेर जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी फळा पुसला. अख्खा. सगळ्या रकान्यांसकट. मी चपला पायात अडकवून फाटकाबाहेर पडत होतो, तर त्यांनी खडू माझ्यापुढे धरला.

"लिहा."

"काकू, माझी नात आहे घरी!"

"म्हणूनच लिहा. तुम्ही धावत जाऊन एका घराला सांगाल. बाकीच्या दोनशे घरांना कोण सांगणार? माझं अक्षर मलाच लागत नाही. तुमचं रस्त्यापलीकडून वाचता येतं. दोन मिनिटं लागतील."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्या बाईचा संताप आला. इतका, की खडू तिच्या अंगावर फेकून निघून जावंसं वाटलं. मग त्या मघाच्या दोन बायकांचे चेहरे आठवले. खुर्ची आणायलाही वेळ नव्हता. टाचा उंचावून मी लिहायला लागलो आणि काकू सांगत गेल्या. खालच्या गल्लीचं पाणी आज खराब आहे. उकळल्याशिवाय पिऊ नका. लहान मुलांना तर देऊच नका. जुलाब झाले तर लगेच दवाखान्यात जा. चार ओळी. टाचा उंचावलेल्या, नजर रस्त्याकडे; प्रत्येक ओळ उजवीकडे खाली घसरत गेली. जन्मात इतकं वाकडं मी कधी लिहिलं नव्हतं. सहीची जागा तशीच ठेवली आणि धूम पळालो.

छपन्नाव्या वर्षी माणूस किती पळणार? रस्ता चढाचा नाही, उताराचा, एवढंच माझं नशीब. मागून काकूंचा आवाज येत होता. दार दिसेल ते ठोठावत त्या ओरडत होत्या, "पाणी उकळा! सकाळचं पाणी उकळा!" दारं उघडत होती, कुणी काहीतरी विचारत होतं. मी कुणालाच उत्तर दिलं नाही.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. सूनबाई स्वयंपाकघरात उभी होती, हातात दुधाची बाटली. नुकतंच पावडर घालून हलवत होती. ठकी पलंगावर जागी होऊन कुरकुरत होती. मी सूनबाईच्या हातातून बाटली हिसकावली आणि मोरीत ओतली.

"बाबा! काय झालं?"

"पाणी उकळलं होतंस?"

"आज नाही उकळलं. मी तर रोज त्या औषधाचा वास जावा म्हणून उकळते. आज फळ्यावर औषध निरंक होतं ना? तुम्हीच तर लिहिलं होतंत."

"आधी दिलंस का?"

"दहाला एकदा. पूर्ण बाटली प्यायली. का?"

मी खाली बसलो. का ते तिला सांगितलं. ती ऐकून घेऊन ओट्याकडे वळली. भांड्यात पाणी घेतलं, शेगडीवर ठेवलं आणि ते खळखळा उकळायला लागेपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली. 

ती सगळी दुपार आम्ही दोघं ठकीच्या दोन बाजूंना बसून काढली. ती हसली की बरं वाटायचं, झोपली की भीती. दर तासाला तिच्या कपाळाला हात लावून बघायचो. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेलो, तर काकू खिडकीशी उभ्या होत्या. नऊ नंबरची बाटली डांबरासारखी काळी झाली होती. त्या काही बोलायच्या आत माझा फोन वाजला. सूनबाई म्हणाली, "बाबा, ठकीला पहाटेपासून चार वेळा झालं. आता पाण्यासारखं होतंय. मी दवाखान्यात निघालेय."

दवाखान्यात आमच्या गल्लीतले आणखी सहा जण होते. ठकी सगळ्यांत लहान. तिच्या हाताची शीर सापडेना. तिसऱ्या वेळी सुई लागली तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. डॉक्टरांनी विचारलं, "ते पाणी किती वेळा पोटात गेलं?"

"एकदाच," सूनबाई म्हणाली. "दुसरी बाटली बाबांनी ओतली."

"इथं आलेले सगळेच काल दुपारच्या आधी प्यायलेले आहेत. नंतरचं कुणी नाही." डॉक्टरांनी सलाइनचा वेग बघितला. "एकदाच गेलंय तर आवरेल असं वाटतंय. पण दोन दिवस मला काही विचारू नका."

दोन दिवस आम्ही विचारलं नाही. बाकावर बसून होतो. तिकडे फिटरनं सांधा बदलला, लाइन धुऊन निघाली. साहेब परतले आणि सहीशिवाय फळा लिहिल्याबद्दल मला आणि काकूंना एकेक मेमो मिळाला. माझा मी घडी करून खिशात घातला, वाचलाही नाही. गुरुवारी दुपारी काकू दवाखान्यात आल्या, उकळून गार केलेल्या पाण्याची मोठी बाटली घेऊन. सूनबाईनं त्यांना जवळ बसवून घेतलं.

"काकू, मेमो मिळाला म्हणे तुम्हाला. एवढं कशाला अंगावर घेता?"

काकूंनी पाण्याची बाटली बाकावर टेकवली. मग म्हणाल्या, "मला पिवळी म्हणतात ना, ते ह्या नळीमुळे नाही. पंधराव्या वर्षी मला कावीळ झाली होती. डोळे, नखं, सगळं पिवळं. शाळेतल्या मुलींनी तेव्हाच नाव ठेवलं. वर्षभर अंथरुणाला होते. मॅट्रिकची परीक्षा गेली ती गेलीच. घरातले म्हणायचे, बाहेरचं अरबट चरबट खाल्लंस, तुझीच चूक. मलाही तसंच वाटायचं. पुढं इथं नोकरीला लागले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कपाट आवरताना त्या वर्षाचं रजिस्टर सापडलं. आमच्या गल्लीचा नळ सात नंबर. त्या महिन्यात ओळीनं अकरा दिवस क्लोरीन नव्हतं. ऑफिसला ठाऊक होतं गं. तारीखवार लिहिलेलं होतं. फक्त आम्हाला कुणी सांगितलं नाही."

सूनबाईनं त्यांचा हात धरला. मी मनातल्या मनात हिशेब केला. काकूंचं वय अडतीस. म्हणजे तेवीस वर्षं. माझी नोकरी अठ्ठावीस वर्षांची.

शुक्रवारी सकाळी ठकीनं असं काही भोकाड पसरलं की वॉर्डातली सगळी दचकली, आणि सूनबाई हसता हसता रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या." मी त्यांना घरी सोडलं, ठकीची पापी घेतली आणि तडक ऑफिसात गेलो. जुनं कपाट उघडलं. तेवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर शोधायला फार वेळ लागला नाही, कारण ते सगळ्यांत पुढे ठेवलेलं होतं आणि पानात खुणेला सुतळी होती.

सात नंबर. क्लोरीन. निरंक, निरंक, निरंक. अकरा वेळा, एकाखाली एक, सारख्या मापाचे. न ला छानशी वळणदार शेपूट.

रजिस्टर उघडं धरून मी प्रयोगशाळेत गेलो. काकू नळ्या धूत होत्या. त्यांनी पानाकडे बघितलं आणि नळ सावकाश बंद केला.

"हे माझं अक्षर आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मानपत्र लिहीत होतात तुम्ही, माझ्या पहिल्याच आठवड्यात. बघितलं आणि ओळखलं. असं अक्षर विसरतं का कुणी?"

"दहा वर्षं माझ्या शेजारी काम केलंत. एकदाही बोलला नाहीत?"

"पहिलं वर्षभर तुमचं तोंड बघवत नव्हतं मला," काकू म्हणाल्या. "मग वाटलं, भांडून काय मिळणार? मला फळा हवा होता. आणि फळ्यावर लोकांना लांबून वाचता येईल असं अक्षर हवं होतं."

मला माफी मागायची होती.  काकूंनी ओले हात पुसले, त्या दिवसाची चिठ्ठी पेटीतून काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती तिथंच उभा राहून पहिल्या नळापासून नवव्यापर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. एका ठिकाणी अडलो तेव्हा हे काय म्हणून विचारलं, आणि त्यांनी सांगितलं.

बाहेर येऊन मी खुर्चीवर चढलो. रकाने आखले नाहीत. फाटकाबाहेर खालच्या गल्लीतली सात-आठ माणसं आधीच येऊन थांबली होती, मंगळवारच्या त्या दोन बायकाही होत्या.  खडूकडे बघत होती सगळी.

मी लिहिलं, "नऊही नळांचं पाणी आज पिवळं आहे. प्या."